शारदेला विचारलंस का?

बेळगावातल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात सांगते.

तिच्या कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा संगीत नाटकं करणारा ग्रुप आहे आणि ती त्याची सेक्रेटरी. गेल्या वर्षी त्यांनी 'सौभद्र'मधले निवडक प्रवेश केले, हॉल भरला. त्या जोरावर यंदा डिसेंबर ते फेब्रुवारी असा तीन नाटकांचा सीझन करायचं ठरलं आहे: 'शारदा', 'संशयकल्लोळ' आणि अलीकडचं एक संगीत नाटक. अडचण शारदेच्या भूमिकेची आहे. एक बालमैत्रीण, पाचवीपासून एका बाकावर बसणारी. ग्रुप तिनेच उभा केला, गेल्या वर्षीची सुभद्रा तीच. यंदा मात्र वरच्या सुरांना तिचा आवाज ताणतो. दुसरी मुलगी या वर्षी आलेली, बैलहोंगलच्या बाजूची, घरात कानडी बोलणारी. ती गायला लागली की तालमीत चहाचे कप खाली ठेवले जातात. खर्चाचा मोठा वाटा उचलणारे एक काका आहेत. मराठी नाटकात नायिका कानडी नको, असं त्यांचं मत असल्याचं पत्रात आहे. शेवटी ती लिहिते: "ताई, काकांचं ऐकू की गळ्याचं? मैत्रीण तुटेल याची भीती वाटते. खरं पैसेच गेले तर सीझन बुडणार. रात्री झोप लागेना झालीय."

---

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि कोण किती वेळा येतं ते मोजलं. काका नऊ वेळा आहेत. मैत्रीण सहा वेळा. बैलहोंगलच्या मुलीचा गळा चार वेळा आहे. तिला शारदा करायची आहे का, याबद्दल मात्र एक ओळही नाही. तू तिला विचारलंस का?

कदाचित तिला करायची असेल, कदाचित नसेलही. पहिल्याच वर्षी आलेल्या मुलीला कोरसमध्ये उभं राहून माणसं ओळखून घ्यायची असतील. घरी संध्याकाळी आठच्या आत पोचायचं असेल, आणि मुख्य भूमिकेच्या तालमी काही आठला सुटत नाहीत. किंवा तिच्यावरून ग्रुपमध्ये काय चाललंय ते तिच्या कानावर गेलं असेल आणि ती आधीच निम्मी बाहेर पडली असेल. तुम्ही सगळे मिळून तिच्यावरून भांडताय आणि ती बिचारी पेटीशेजारी बसून पदं पाठ करतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. आधी तिच्याशी बोल. तालमीच्या खोलीत नको, चारचौघांत नको. कॅन्टीनमध्ये दोघीच बसा.

आता काका. "त्यांना ते आवडलेलं नाही असं कळलं," असं तू लिहिलंयस. कुणाकडून कळलं? आपल्याकडे रामदेव गल्लीत कुणी शिंकलं तर शहापुरात पोचेपर्यंत न्यूमोनिया झालेला असतो. काकांनी नुसतं "कोण गं ती, कुठली?" एवढंच विचारलं असेल आणि सांगणाऱ्याने त्यात आपल्या मनातलं घातलं असेल. हे म्हणताना मी काकांची वकिली करत नाहीये. ते खरोखरच तसं म्हणाले असतील, हीही शक्यता आहे. खरं, पैसे जातील या भीतीने तू एका ऐकीव वाक्यावर अख्खा सीझन टांगून ठेवलायस, एवढंच मला दिसतं.

काका तसं म्हणाले असतील असं धरून चालू. त्यांना हसू नकोस, आणि 'जुन्या विचारांचे' म्हणून मोडीतही काढू नकोस. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर इथे जी पिढी वाढली, तिने मराठी शाळेसाठी, मराठी फलकासाठी, साध्या मराठी कागदासाठी बरंच काही सोसलंय. त्यांच्यासाठी मराठी नाटक म्हणजे करमणूक नाही, ते घरातलं एक देवघर आहे. देवघरात कोण शिरतंय याकडे माणूस डोळे लावून बसणारच. पण हे देवघर बांधलं कुणी, हे काकांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, आणि त्याच दाराने तू आत जायचंस.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यावर. पटवर्धन राजांना ते खेळ आवडले, आपल्या भाषेत असं काही करा म्हणाले, आणि मराठी नाटक सुरू झालं. त्याच वर्षी जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. ते गाव सौंदत्तीच्या बाजूला आहे, तुमच्या त्या मुलीच्या बैलहोंगलपासून फार लांब नाही. अण्णासाहेब बेळगावात नोकरीला होते, नाटकाचं वेड त्यांना इथेच वाढत गेलं, आणि पुढे पुण्यात १८८० साली 'शाकुंतल' आणि १८८२ साली 'सौभद्र' उभं राहिलं. त्या संहितांच्या जुन्या छापील प्रती कधी हातात आल्या तर पदांच्या डोक्यावर दिलेल्या चाली वाच, कानडी पदांच्या चालीही त्यात सापडतील. गेल्या वर्षी तुम्ही हॉल भरवलात तो अशा नाटकावर. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे देवल बेळगावातच शिकले, इथे काही काळ मास्तरकीही केली, आणि अण्णासाहेबांच्या हाताखाली तयार झाले.

तरीही काकांना पटलं नाही तर बेळगावजवळच्या सुळेभावीचं नाव घे. तिथे १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी कानडी घरातले. त्यांनी बालगंधर्वांची पदं गाऊन दाखवली तेव्हा महाराष्ट्राने कान टवकारले. आपण त्यांना कुमार गंधर्व म्हणतो, आणि बेळगावातलं एक रंगमंदिर त्यांच्याच नावाचं आहे. खुद्द बालगंधर्वांसोबत उभ्या राहिलेल्या गोहरबाई कर्नाटकी विजापूरकडच्या बिळगीच्या. आणि २०१५ साली ९५वं नाट्यसंमेलन बेळगावात झालं तेव्हा अध्यक्षपदी गायिका-अभिनेत्री फैयाज होत्या. काका त्या मांडवात असतील तर त्यांनी टाळ्याही वाजवल्या असतील. बाई घरी कोणती भाषा बोलतात, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

एक मात्र सांभाळ. हे सगळं काकांच्या तोंडावर फेकायला नाही. वादात हरलेला देणगीदार दुसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. त्यांना तालमीला बोलाव. खुर्ची पुढे ठेव, चहा दे, आणि कोण गातंय हे न सांगता गाऊ दे. बोलायचं ते नंतर, त्यांनी विचारलं तर. ऐकूनही ते नाहीच म्हणाले, तर त्यांचे पैसे नम्रपणे परत करायची तयारी ठेव. ती तयारी कशी ठेवायची ते पुढे सांगते, कारण ती रकमेची गोष्ट आहे आणि रक्कम तुम्हीच फुगवून ठेवली आहे.

तीन नाटकं! अगं, किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी एका मुक्कामात चार-पाच नाटकं लावत, हे खरं. पण ती माणसं पगारी होती, कंपनीच्या बिऱ्हाडात राहत होती, सकाळी गाण्याची आणि दुपारी गद्याची तालीम करत होती. त्यांना सेमिस्टर नव्हतं, इंटर्नल्स नव्हते, प्रोजेक्टचा व्हायवा नव्हता. सीझन म्हणजे जास्त नाटकं, असं तुम्ही का धरलंत ते मला कळलेलं नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांच्या ग्रुपचा सीझन म्हणजे एकाच नाटकाचे सहा प्रयोग. पहिल्या प्रयोगात मुलं शब्द आठवत असतात. दुसऱ्यात चुका आठवत असतात. तिसऱ्या-चौथ्यात कधीतरी 'संशयकल्लोळ'मधला अश्विनशेठ रेवतीकडे खरोखर बघतो आणि नाटक सुरू होतं. तीन नाटकांचा एकेक प्रयोग केलात तर तीनदा पहिलाच प्रयोग होईल, आणि तीनदा नेपथ्य, तीनदा कपडेपट, तीनदा रंगीत तालीम. काकांच्या पैशांची एवढी गरज तिथून आली आहे.

मग कोणतं एक? तुम्ही तीन नाटकांत वाटून घेतलेलं डोकं एका ठिकाणी आणलंत तर मी 'संशयकल्लोळ'च्या बाजूने आहे. आणि यात तुझ्या खऱ्या प्रश्नाचं थोडंसं उत्तरही आहे.

तुम्ही सगळ्यांनी गळा चांगला म्हणजे शारदा, असं समीकरण मांडलंय. ते मला पटत नाही. शारदा ही म्हाताऱ्याशी लग्न ठरलेली, घाबरलेली पोर आहे. देवलांनी तिच्या तोंडी घातलेली पदं बोलण्याच्या अगदी जवळची आहेत. तिथे तानांचा पाऊस पाडला तर पोरगी दिसेनाशी होते आणि मैफल उरते. उलट 'संशयकल्लोळ'मधली रेवती गाणाऱ्या घरातली. तिचं गाणं हे तिचं जगणंच आहे. तिथे असा गळा हवा की प्रेक्षकांनी हातातली भज्याची पुडी विसरावी. आणि त्याच नाटकात कृत्तिका आहे. तिचा सगळा जीव गद्यात, नवऱ्याच्या संशयावर उलट संशय घेण्यात, अचूक क्षणी मान वळवण्यात. ज्या मुलीने ग्रुप उभा केला, जिला रंगमंचावर कुठे थांबायचं ते कळतं, तिच्या हातात कृत्तिका काय होईल याचा विचार कर. माझ्या हिशेबात ती दुय्यम भूमिका नाही. फाल्गुनराव-कृत्तिका ही नवरा-बायकोची जोडी जमली नाही तर रेवतीची गाणी कितीही रंगोत, नाटक पडतं.

(जाता जाता. 'शारदा' केलीच कधी तर प्रास्ताविकात "या नाटकावरून शारदा कायदा झाला" असं म्हणू नका. नाटक १८९९ चं. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'सारडा अ‍ॅक्ट' म्हणून ओळखला गेला तो हरविलास सारडांमुळे. दर दोन वर्षांनी कुणीतरी माईकवरून ही चूक करतं आणि मी खुर्चीत चुळबुळते.)

हे वाटप मी पत्रावरून करतेय. गळे मी ऐकलेले नाहीत, तालमीच्या खोलीत उलटंही निघेल. म्हणून ऐकायला बाहेरची दोन माणसं बोलवा. एक गाण्यातला, एक गद्यातला, दोघेही ग्रुपच्या नात्यागोत्यातले नकोत. दोघींनाही दोन्ही भूमिकांचे तुकडे द्या. आणि पट्टी ज्याची त्याची ठेवा. इथे मला तुमच्यावर जरा रागवायचं आहे.

मैत्रिणीचा आवाज वरच्या सुरांना ताणतो म्हणतेस. कोणत्या पट्टीत गाते ती? जुन्या रेकॉर्डवर ऐकली त्याच पट्टीत गायचं, असा एक हट्ट हौशी ग्रुपमध्ये असतो. जुनी माणसं उंच पट्टीत गात कारण समोर माईक नव्हता आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं. तुमच्यासमोर माईक आहे. पेटीवरच्या काळी पाचला ताणतो तर काळी तीनला गाऊन बघू दे. एवढ्याने कधीकधी अख्खं भांडण मिटतं. तरीही घसा धरत असेल, बोलतानाही आवाज फुटत असेल, तर मध-आल्यावर महिना काढू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर तिला गायला लावू नका. गेल्या वर्षीच्या तालमींनीच तो आवाज दमला असण्याची शक्यता आहे.

"दोघींनाही द्या, आलटून पालटून" असं तुला कुणीतरी सुचवेलच. ऐकायला गोड आहे. खरं, दोन नायिका म्हणजे दोन पट्ट्या. नायकाची पट्टी वेगळी असते म्हणून तबलजी आधीच दोन तबले घेऊन बसलेला असतो, त्याला तिसरा लागेल. पेटीवाल्याला प्रत्येक पद दोन जागी बसवावं लागेल. नायकाला दोघींबरोबर वेगळी तालीम. आणि शेवटी कोणता प्रयोग कुणाचा यावरून जे व्हायचं ते होईलच, फक्त दोन महिने उशिरा.

आता मैत्रीण. मला वाटतं पत्र तू तिच्यासाठी लिहिलंस आणि वर काकांना बसवलंस. काका नाही म्हणाले तर तुझी सुटका होते. 'माझा नाइलाज होता' म्हणून तिच्या गळ्यात शारदा घालता येते. काका हो म्हणाले तरी सुटका, 'काकाच म्हणाले तिला घ्या.' दोन्हीकडे तू कुठेच नाहीस. तुझ्या वयात मीही हेच केलं असतं, म्हणून ओळखू येतं.

माझं सांगते. कॉलेजात असताना एका नाटकात मी दोन महिने नायिकेच्या तालमी केल्या. एका सोमवारी नोटीस बोर्डवर पात्रांचा कागद लागला आणि माझं नाव नायिकेच्या सख्यांमध्ये होतं. निर्णय कदाचित बरोबरच होता. मी बेसूर नव्हते, पण माझे हात नेहमी कुठे ठेवायचे तेच कळायचं नाही. मला राग निर्णयाचा आला नाही. तो कागद वाचताना मागे उभ्या असलेल्या पाच जणींना आधीच माहीत होतं, त्याचा आला. त्यातली एक माझी जिवलग होती. आजही ती भेटते, हळदीकुंकवाला येते. तो विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही, आणि तो विषय आमच्यामध्ये कायम बसलेला असतो.

म्हणून कागद लागायच्या आधी सांग. तिच्या घरी जा, तिच्या आईसमोर नको, गच्चीवर जा. "तुला वाईट वाटणार आहे" अशी सुरुवात करू नकोस, तिला काय वाटेल ते तिचं तिला ठरवू दे. जे ठरलं ते पहिल्या दोन वाक्यांत सांग. का, ते तिसऱ्यात. त्यात कानडी, मराठी, काका काहीही आणू नकोस. ती चिडली, रडली, 'ग्रुप सोडते' म्हणाली, तर लगेच भूमिका वाढवून देऊ नकोस आणि समजूतही घालत बसू नकोस. बस तिच्याजवळ. आठवडाभर तालमीला येणार नाही, चालेल. तिची जागा राखून ठेव, पण तिच्या वाटेकडे डोळे लावून तालीम थांबवू नकोस.

उच्चारांचं थोडं बोलू, कारण 'कानडी मुलगी' म्हटलं की लोक आधी तिथेच बोट ठेवतील. ळ आणि ण तिचे तुमच्यापेक्षा खणखणीत असतील. त्रास होईल तो 'चमचा'तल्या च ला आणि 'जग'मधल्या ज ला. हे दाताजवळचे उच्चार कानडीत नाहीत. ख, घ, ध यांतला श्वास बोलण्यात गळतो. आणि तो-ती-ते. 'ते पुस्तक' का आणि 'ती वही' का, याला उत्तर नाही, पाठच करावं लागतं. तिला संवाद तिच्या लिपीत लिहून घेऊ दे आणि असे शब्द लाल पेनाने खुणा करून दे. रोज वीस मिनिटं, महिनाभर. ते वीस मिनिटांचं काम तुझ्या मैत्रिणीकडे सोपव असं मी म्हणणार होते, पण आता नको. ती परत आल्यावर, तिला वाटलं तर.

आणि बाकीच्यांनीही त्या वर्गात बसायचं. तुझ्या पत्रात तू दोन-तीनदा 'पण'च्या जागी 'खरं' लिहिलंयस. मीही या उत्तरात लिहिलंय, खोडणार नाही, तो आपल्या तोंडचा शब्द आहे. पण देवलांचा अश्विनशेठ 'काय करूलाईस' म्हणत नाही. त्या काळचं गद्य तुम्हा सगळ्यांनाच थोडं परकं आहे. ते परकेपण सगळ्यांनी मिळून घालवलंत तर एकट्या मुलीला शिकवणी लावल्यासारखं दिसणार नाही.

तिसरं, अलीकडचं नाटक यंदा बाजूला ठेवा म्हणतेय त्याला आणखी एक कारण आहे. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. देवल १९१६ साली गेले, तिथे प्रश्न नाही. अलीकडच्या नाटकाला लेखकाच्या किंवा वारसांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. संगीतकाराचे हक्कही वेगळे असतात. "आम्ही विद्यार्थी आहोत, आम्हाला चालतं" ही समजूत अर्धीच खरी आहे. कॉलेजच्या कार्यक्रमात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुढे केलं तर कायदा सूट देतो. बाहेरच्यांसाठी तिकीट लावलंत की ती सूट गेली. परवानगीचं पत्र आत्ता पाठवा, पुढच्या वर्षी करा.

'शारदा' अगदीच सोडवत नसेल तर तिचे दोन-तीन प्रवेश पाऊण तासात बसवा, पेटी-तबल्यावर, पडद्याशिवाय. हिवाळ्यात आपल्या भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. पाऊण तासाचा संगीत कार्यक्रम त्यांना हवा असतो का, ते आयोजकांना आत्ताच विचारा. मानधन फार मिळणार नाही. प्रवास आणि जेवण मागा, आणि गावातली चारशे माणसं मिळतात ते वेगळंच. एक लक्षात ठेवा, उघड्यावर स्पीकर लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहाला बंद करावा लागतो. संमेलनाची भाषणं लांबतात. तुमची वेळ साडेसातची ठरली तर मनातल्या मनात साडेआठ धरून बसवा, आणि कोणतं पद गाळायचं ते आधी ठरवून ठेवा. पदं गाळायला घाबरू नका. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदं होती आणि लोक पहाटेपर्यंत बसत. आजचा प्रेक्षक साडेनऊला रिक्षा मिळेल का बघतो. ज्या पदानंतर गोष्ट पुढे सरकते ते ठेवा. वन्स मोअर आलाच तर एकच कडवं.

शहरातले प्रयोग ठरवताना नोव्हेंबरचा पहिला आठवडा टाळा, रंगीत तालमीसाठीसुद्धा. एक तारखेला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. पोलीस, रस्ते, डोकी, सगळी तापलेली असतात. त्या आठवड्यात तुमच्या नाटकाकडे नाटक म्हणून कुणी बघणार नाही आणि त्या मुलीला दोन्हीकडून प्रश्न येतील. फलकांवर साठ टक्के कन्नडचा नियम २०२४ पासून कडक झालाय. तुमच्या बॅनरला तो कसा लावतात ते महापालिकेत विचारून घ्या, छापून झाल्यावर उतरवायची वेळ आणू नका. नियम राहू दे बाजूला, मी तुमच्या जागी असते तर हँडबिलावर एक ओळ कानडीत आपणहून घातली असती. तिच्या घरच्यांना वाचता यावी म्हणून. आणि पहिल्या प्रयोगाला तिच्या आईवडिलांना दुसऱ्या रांगेत बसवलं असतं, काकांच्या शेजारी.

पैशांचं म्हणशील तर एका नाटकाचा खर्च मांडून बघ. हॉलचं भाडं, माईक, मेकअप, भाड्याचे कपडे, साथीदारांचं मानधन. तिनातून एकावर आलात की काकांशिवायही जमेल की नाही ते कागदावर दिसेल. माजी विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी थोडे थोडे घ्या आणि कुणाही एकाकडून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नका, मग ते काका असोत नाहीतर कॉलेज. नेपथ्यावर वाचवा. 'संशयकल्लोळ'ला दोन घरं आणि एक रस्ता लागतो, ते पडद्यांवर भागतं. साथीदारांवर वाचवू नका. ट्रॅकवर नाट्यपद म्हणणं म्हणजे रेकॉर्डच्या मागे धावणं. गाणाऱ्याला थांबावंसं वाटलं तर ट्रॅक थांबत नाही.

त्यावरून आठवलं. तुझ्या पत्रात हॉल आहे, तारखा आहेत, काका आहेत, ऑर्गन, म्हणजे पायपेटी, कोण वाजवणार ते नाही. आपल्या भागात पायपेटीवर नाट्यसंगीत वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांना गोव्याच्या जत्रांतली नाटकं असतात. हॉल बुक करायच्या आधी त्यांना फोन कर. ते देतील त्या तारखा तुमच्या.

तुझी,
ताई